काठीला जे कळत नाही, तेवढंच करा

प्रति,
महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतले आणि तंत्रनिकेतनांतले प्रकल्प-मार्गदर्शक व शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी यांस

विषय : अंध व्यक्तींसाठी बनवले जाणारे अल्ट्रासॉनिक चष्मे, टोप्या, पट्टे आणि काठ्या

सप्रेम नमस्कार.

नवं शैक्षणिक वर्ष सुरू झालं की प्रकल्पांच्या विषयांची यादी निघते आणि तिच्यात अंधांसाठीचं अडथळा-सूचक यंत्र हमखास असतं. एक आर्डुइनो (कोड चालवणारा छोटा बोर्ड), एक एचसी-एसआर०४ सेन्सर (ऐकू न येणारी लहर सोडून ती परतायला लागलेल्या वेळावरून अंतर सांगणारा), एक बझर, ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, आणि हे सगळं चष्म्यावर, टोपीवर किंवा पट्ट्यावर चिकटवलेलं. तोंडी परीक्षेला परीक्षक समोर हात धरतात, बझर वाजतो, गुण मिळतात, यंत्र कपाटात जातं. आमच्यापैकी काहीजण अंधांना रस्त्यावर चालायला शिकवतात, काहीजण अशा यंत्रांची सर्किटं जुळवतात. हा विषय सोडून द्या असं आमचं मुळीच म्हणणं नाही. गरज खरी आहे. पण बहुतेक प्रकल्प 'समोर काहीतरी आहे का?' एवढाच प्रश्न घेतात, आणि त्याचं उत्तर काठी वापरणाऱ्या माणसाला आधीच मिळालेलं असतं. काठीला काय कळत नाही, हा प्रश्न घेतला तर सेन्सरची जागा, कोन, अंतर, कोड, सगळंच बदलतं. ते कसं, हे तपशिलात लिहितो.

आधी काठीबद्दल. अहवालाच्या प्रस्तावनेत 'पांढरी काठी आता अपुरी आहे' अशा अर्थाचं वाक्य असतं. ते लिहिण्यापूर्वी एखाद्या मोबिलिटी प्रशिक्षकाकडे, म्हणजे अंधांना चालायला शिकवणाऱ्याकडे, तासभर काठी चालवायला शिका. शिकलेला माणूस काठीचं टोक खांद्यांच्या रुंदीहून थोडं जास्त फिरवतो. डावं पाऊल पुढे पडतं तेव्हा टोक उजवीकडे टेकतं, उजवं पडतं तेव्हा डावीकडे. त्यातून साधारण मीटरभर पुढची जमीन हाताला कळते : फरशी संपून डांबर लागलं, पायरी आली, गटाराचं झाकण नाही, सायकलचं चाक आडवं आहे. टोकाच्या आवाजावरून डावीकडची भिंत संपून बोळ लागला, हेही कळतं.

हे काम जमिनीकडे तोंड केलेल्या अल्ट्रासॉनिक सेन्सरला जमत नाही. चालताना धड वर-खाली होतं, पट्टा सरकतो, आणि तिरक्या कोनातून गुळगुळीत फरशीवर पडलेली लहर सेन्सरकडे परत न येता पुढे निघून जाते. पाण्यानं भरलेला खड्डा तर त्याला सपाट जमीनच वाटतो. तेव्हा खड्डा, पायरी आणि रेल्वे फलाटाची कड यांची जबाबदारी तुमच्या यंत्रानं घेऊ नये, आणि घेतली आहे असं वापरणाऱ्याला वाटूही देऊ नये.

काठीला कळत नाही ते कमरेच्या वरचं. उभ्या टेम्पोचा उघडा फाळका. एसटीचा बाहेर आलेला आरसा. फुटपाथवर उघडणारी खिडकी, दुकानाच्या पत्र्याची कड, वाकलेली फांदी, जिन्याखालची तिरकी बाजू, उसाच्या ट्रॉलीतून बाहेर लोंबणारे ऊस, गणपतीच्या दिवसांत मंडपाचे आडवे वासे. काठी यांच्या खालून मोकळी निघून जाते आणि कपाळ, नाक, दात आपटतात. आयआयटी दिल्लीच्या गटानं तयार केलेली आणि २०१४ मध्ये बाजारात आलेली 'स्मार्टकेन' नेमकी याच कामासाठी आहे : नेहमीच्या काठीच्या मुठीवर बसणारं, गुडघ्याच्या वरचे आणि लोंबते अडथळे ३ मीटरपर्यंत टिपून कंपनानं सांगणारं एक मोड्यूल. ब्रिटनमधल्या 'अल्ट्राकेन'मध्येही डोक्याच्या उंचीच्या अडथळ्यासाठी वेगळा सेन्सर आणि अंगठ्याखाली वेगळं कंप पावणारं बटण आहे. दोन्हींत काठी काठीच राहिली आहे. प्रकल्पाला हात घालण्यापूर्वी यांतलं एखादं यंत्र हातात घेऊन बघा. जे आधीच चांगलं झालं आहे ते पुन्हा अर्धवट करण्यात वर्ष जायला नको.

आता जी गोष्ट जवळजवळ प्रत्येक अहवालात राहून जाते ती : कान.

नववीच्या विज्ञानात आपण सगळ्यांनी पाठ केलंय की सुस्पष्ट प्रतिध्वनीसाठी अडथळा किमान १७.२ मीटर लांब हवा. ते खरं आहे, पण दोन आवाज वेगवेगळे ऐकू येण्यापुरतं. भिंत एक मीटरवर असेल तर परतलेला आवाज सुमारे ६ मिलिसेकंदांत येऊन मूळ आवाजात मिसळतो आणि त्याचा पोत बदलतो. काही वारंवारता वाढतात, काही दबतात. भिंत एक मीटरवर असताना हे चढ-उतार दर १७० हर्ट्झला पडतात, अर्ध्या मीटरवर दर ३४० ला, पाव मीटरवर दर ६८० ला. जवळ जाताना स्वर चढल्यासारखा वाटतो तो यामुळे. खात्री करायची असेल तर डोळे मिटा, जेवणाचं स्टीलचं ताट हातभर अंतरावर तोंडासमोर धरा, सलग 'श्श्श' करत ताट हळूहळू जवळ आणा आणि लांब न्या. पाच मिनिटांत फरक ओळखता येतो. मग ताटाऐवजी उशी धरा. आवाज बोथट होतो. अंतरच नव्हे, वस्तू कशाची आहे हेही त्या आवाजात असतं.

अंध माणसं हे रोज वापरतात, पुष्कळदा नकळत. पूर्वी याला 'चेहऱ्यानं दिसणं' म्हणत, कारण अडथळा जवळ आला की गालाला काहीतरी जाणवतं असं त्यांना वाटे. १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रयोगांनी त्याचा निकाल लावला. चेहरा झाकला तरी अडथळा कळत राहिला, कान बंद केल्यावर कळेनासा झाला. ते प्रयोग करणाऱ्यांपैकी मायकेल सुपा स्वतः अंध होते. अमेरिकेतले डॅनियल किश, तेही अंध, जिभेनं 'टक्' असा आवाज काढून चालायला शिकवतात. असे तरबेज लोक जो टिचका काढतात तो जेमतेम ३ मिलिसेकंदांचा असतो आणि त्याचा जोर मुख्यतः २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असतो. यासाठी जन्मजात देणगी लागते असंही नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डरहॅम विद्यापीठाच्या अभ्यासात १२ अंध आणि १४ डोळस व्यक्तींना १० आठवड्यांत २० सत्रं दिली. वयं २१ पासून ७९ पर्यंत. सगळ्या वयोगटांत प्रगती दिसली, आणि १२ पैकी १० अंध सहभागींनी त्याचा आपल्या स्वावलंबनाला उपयोग झाल्याचं सांगितलं.

हे सगळं इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रकल्पात कशाला? कारण तुमचं यंत्र कानात इअरफोन घालत असेल किंवा कानाशी सतत पीं-पीं करत असेल, तर ते देतं त्याहून जास्त काढून घेतं. भिंतीचा, बोळाचा, उभ्या गाडीचा, मागून येणाऱ्या रिक्षाचा अंदाज, सगळाच झाकला जातो. म्हणून आमची पहिली विनंती : सूचना आवाजानं देऊ नका. कंपनानं द्या. बोलणारी सूचना द्यायचीच असेल तर कानाची भोकं उघडी ठेवणारे, हाडातून ध्वनी नेणारे हेडफोन वापरा आणि तेही क्वचित बोलू द्या.

आणि यंत्राची खरी जागाही इथेच सापडते. ढोल-ताशे, सिग्नलवरचे हॉर्न, पत्र्यावरचा पाऊस यांत जिभेचा टिचका बुडतो. उतारवयात वरच्या पट्टीचे आवाज ऐकू येईनासे झाले की कानांवर भिस्त ठेवता येत नाही. आणि पत्र्याच्या कडेसारखी बारीक वस्तू कानाला सहसा कळत नाही. डोक्याची उंची, गोंगाट, आणि मंदावलेले कान : या तिन्हींसाठी बनवा.

सेन्सर कुठे लावायचा? आम्ही छाती सुचवतो, मधोमध, शबनमच्या पट्ट्यासारखा आडवा पट्टा घेऊन. चष्म्यावर ४५ मिलिमीटर रुंदीचं बोर्ड नाकाला जड होतं आणि माणूस बोलणाऱ्याकडे मान वळवतो तेव्हा सेन्सर रस्ता सोडून त्याच्याकडे बघतो. मनगटावरचा सेन्सर हात हलला की भरकटतो. कमरेचा पट्टा काठीला आधीच कळणाऱ्या उंचीवर बघत बसतो.

कोनाचं गणित करून बघा. माहितीपत्रकानुसार एचसी-एसआर०४ चा शंकू १५ अंशांचा, म्हणजे मध्यरेषेच्या वर-खाली साडेसात. छातीवर १.२ मीटर उंचीला तो आडवा लावला तर दीड मीटर पुढे त्याला १.० ते १.४ मीटर एवढीच उंची दिसते. कपाळ १.५ च्या वर असतं. म्हणजे ज्यासाठी यंत्र बांधलं तेच सुटलं! तोच सेन्सर १५ अंश वर कलवा. आता दीड मीटर पुढे तो १.४० ते १.८२ मीटरपर्यंत बघतो. बुटक्या व्यक्तीच्या छातीची उंची कमी, म्हणून कोन बदलता आला पाहिजे. एक बिजागरी आणि एक स्क्रू पुरतो, पण तो कोन व्यक्ती चालत असताना जुळवा, उभी असताना नको. बरेच लोक चालताना पुढे झुकतात. १० अंश झुकलं की सेन्सर जवळजवळ पुन्हा आडवा होतो. सेन्सरच्या पाठीला एमपीयू-६०५० ही कल ओळखणारी चिप लावून झुकाव मोजता येतो, हवं तर तेवढं पुढच्या वर्षीच्या गटाला ठेवा.

या कलत्या मांडणीची एक अडचण तुमच्या लक्षात आली असेल. ४० किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ मिलिमीटर. तिच्या दृष्टीनं रंगवलेला पत्रा, काच, घोटलेली भिंत हे सगळे आरसेच, आणि वर कललेली लहर उभ्या गुळगुळीत फाळक्यावरून वरच्या वर उडून जाऊ शकते. शंकूच्या कडेची क्षीण लहर परत येते म्हणून बहुतेकदा भागतं, पण बहुतेकदा म्हणजे नेहमी नव्हे. भिंतीकडे ४५ अंशांत तिरकं चालत गेल्यावर तर काहीच परत न येणं किंवा दुसरीकडे आपटून लांबचं अंतर दिसणं, दोन्ही होतं. म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यासमोर चाचणी घेऊन थांबू नका. पत्र्याची कड, पानांसकट फांदी, ५ सेंटिमीटर जाडीचा वासा, नायलॉनची दोरी, काच, जाड कापड, प्रत्येक वस्तू डोक्याच्या उंचीवर टांगा, प्रत्येकीकडे वीस वेळा चालत जा आणि पहिल्यांदा कंप कुठे आला ते मोजा. नायलॉनची दोरी बहुधा सापडणार नाही. ते अहवालात लिहा आणि वापरणाऱ्यालाही सांगा. मंडपाच्या ताणाच्या दोऱ्या डोळ्यांसमोर येतात आणि यंत्र गप्प राहतं, हे माहीत असलेलं बरं.

लेझरचा सेन्सर घेऊ का, असं बरेच गट विचारतात. व्हीएल५३एल०एक्स छोटा आणि चपळ आहे, पण त्याची पोच २ मीटर, आणि ती घरातली. भर उन्हात ती खूपच घटते आणि स्वच्छ काच त्याला दिसत नाही. खोलीत चालेल, रस्त्यावर अल्ट्रासॉनिकच बरा.

पावसाळ्याचं वेगळं. एचसी-एसआर०४ च्या जाळीत थेंब अडकला की तो बहिरा होतो, आणि त्याच्यावर प्लास्टिकचा कागद चढवला की त्याला तो कागदच दिसतो. जेएसएन-एसआर०४टी हा जलरोधक सेन्सर वापरा. त्यात एकच डबी लहर सोडते आणि ऐकते, म्हणून सोडल्यावर ती स्वतः थरथरत असताना जवळचं काही ऐकू शकत नाही. २०-२५ सेंटिमीटरच्या आतलं त्याला कळत नाही. आपल्या कामाला ते चालतं, कारण तेवढ्या जवळचं वाचन असंही निकामी असतं : बहुतेक वेळा तो साडीचा पदर, ओढणी किंवा उपरणं सेन्सरवर आलेलं असतं. अशा वेळी 'अडथळा' म्हणून कंप देऊ नका. दोन सेकंद तसंच राहिलं तर 'सेन्सर झाकला आहे' असा वेगळा, दोन तुटक ठोक्यांचा इशारा द्या. झाकलेला सेन्सर आणि मोकळा रस्ता, दोन्हीकडे यंत्र सारखंच गप्प राहिलं तर ते धोक्याचं आहे.

आता कोडमधली ती चूक, जी आम्हाला सर्वांत जास्त वेळा दिसते. लहर परतायला लागलेला वेळ मोजणाऱ्या 'पल्सइन' या फंक्शनला ठरावीक वेळात लहर परत मिळाली नाही तर ते शून्य परत देतं. पुढची ओळ असते : अंतर १०० पेक्षा कमी असेल तर कंप दे. शून्य १०० पेक्षा कमीच. मग मोकळ्या मैदानात यंत्र सतत थरथरतं आणि गट सेन्सर बदलत बसतो. शून्य म्हणजे 'काही सापडलं नाही' हे आधी तपासा. मुदत दिली नाही तर 'पल्सइन' एक सेकंद थांबून राहू शकतं, आणि एका सेकंदात माणूस एक मीटर पुढे गेलेला असतो. २० हजार मायक्रोसेकंदांची मुदत द्या, तेवढ्यात ३.३ मीटरपर्यंतचं येऊन जातं. काहीच परत आलं नाही तर सेन्सरचा इको पिन (ज्याच्यावरून तो वेळ मोजतात) साधारण ३८ मिलिसेकंद वरच राहतो, काही नकली प्रतींत त्याहून बराच जास्त, आणि तोवर दिलेला नवा ट्रिगर, म्हणजे लहर सोडण्याचा हुकूम, वाया जातो. म्हणून दोन वाचनांत किमान ६० मिलिसेकंद ठेवा.

एका वाचनावर कधीच विसंबू नका. बसच्या ब्रेकमधली हवा सुटते, कुणाच्या हातात किल्ल्यांचा जुडगा वाजतो, त्यातही ४० किलोहर्ट्झ असतो आणि सेन्सर फसतो. लागोपाठ तीन वाचनांतलं मधलं घ्या. अंध शाळेत तुमची पाच यंत्रं एकाच व्हरांड्यात वापरली जाणार असतील तर एकाची लहर दुसऱ्याला ऐकू येईल. प्रत्येक वाचनाआधी ० ते २० मिलिसेकंदांचा यादृच्छिक विलंब टाका आणि तीन वाचनं १५ सेंटिमीटरच्या आत जुळली तरच खरं माना. तापमानाची दुरुस्ती मात्र सोडून द्या. सेंटिमीटर काढायला मायक्रोसेकंदांना ५८ नं भागतात, त्यात ध्वनीचा वेग सुमारे ३४५ मीटर प्रतिसेकंद धरलेला आहे. नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांना, तो ३५८ च्या आसपास जातो. दीड मीटरमागे ६ सेंटिमीटरचा फरक. त्यासाठी आणखी एक सेन्सर आणि त्याच्या तारा वाढवण्यात अर्थ नाही.

इशारा किती अंतरावर द्यायचा, याचं उत्तर 'सेन्सरला दिसतं तेवढ्या' असं नसतं. तीन वाचनांना १८० मिलिसेकंद, कंपनाची छोटी मोटार वेग घ्यायला ८० च्या आसपास, माणसाला कळून पाऊल आवरायला ४०० धरा : एकूण सुमारे ६६०. सेकंदाला एक मीटर या चालीनं तेवढ्यात ६६ सेंटिमीटर कापले जातात, थांबायला आणखी अर्धा मीटर. १.२ मीटर झाले. थोडी सवड ठेवून दीड मीटर पुरे. चार मीटरवर ठेवलेलं यंत्र लक्ष्मी रोडवर किंवा दादर स्टेशनबाहेर एक क्षण थांबणार नाही आणि माणूस दुसऱ्या दिवशी ते घरी ठेवेल. दीड मीटरवरही गर्दीत पुढच्याची पाठ सतत दिसत राहतेच. यावर उपाय आहे : अंतर कमी होत असेल तरच, समजा सेकंदाला ३० सेंटिमीटरहून वेगानं घटत असेल तरच कंप द्या. गर्दीबरोबर चालताना पुढच्याचं अंतर फारसं बदलत नाही, यंत्र गप्प राहतं. फाळका जागचा हलत नाही, त्याचं अंतर भराभर कमी होतं. एवढ्या एका अटीनं यंत्र वापरण्याजोगं होतं. शिवाय हाताला चटकन सापडणारं, उंचवटा असलेलं बंद-चालू बटण हवंच.

कंपनाची मोटार काठीच्या मुठीवर किंवा काठी धरलेल्या हातावर लावू नका, जमिनीकडून येणारी बारीक थरथर त्यात हरवते. गळपट्टीच्या हाडाजवळ, काठीच्या उलट बाजूला, चांगलं कळतं. जोर कमी-जास्त करून अंतर सांगू नका. स्वेटर घातला की जोर बदलतो. ठोक्यांची गती बदला : दीड ते एक मीटर सेकंदाला दोन, एक ते साठ सेंटिमीटर सेकंदाला चार, त्याच्या आत सलग. तीनच पायऱ्या. नाण्याच्या आकाराची साधी मोटार सुरू व्हायला ५० ते १०० मिलिसेकंद घेते, त्यामुळे सेकंदाला दहा ठोके द्यायला गेलात तर ते एकमेकांत मिसळून सलगच वाटतात. आणि तासभर सलग कंप चालला तर त्वचा तो जाणवून घेणंच थांबवते.

ही मोटार ६० ते ८० मिलिअँपिअर ओढते, सुरू होताना त्याहून जास्त. आर्डुइनोच्या पिनला थेट जोडू नका. तिथे २० च्या आसपासच ओढणं योग्य. २एन२२२२ ट्रान्झिस्टर, बेसला १ किलोओहम, मोटारीला उलटा डायोड, आणि सेन्सरच्या पुरवठ्यापाशी १०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर. हा कॅपॅसिटर नसेल तर मोटार सुरू होताच व्होल्टेज दबतं, सेन्सर चुकीचं अंतर देतो, त्यानं मोटार बंद होते, मग पुन्हा सुरू. यंत्राला झटका आल्यासारखं वाटतं. आर्डुइनोऐवजी ३.३ व्होल्टवर चालणारा ईएसपी३२ बोर्ड वापरत असाल तर इको पिनचे ५ व्होल्ट १ आणि २ किलोओहमच्या जोडीनं ३.३ वर आणा, नाहीतर पिन आज ना उद्या जातो. ९ व्होल्टची बॅटरी सोडा. ५ व्होल्टवर आणताना तिची जवळजवळ निम्मी शक्ती उष्णतेत जाते आणि मोटारीच्या झटक्यांपुढे ती लवकर मान टाकते. संरक्षण असलेला टीपी४०५६ चार्जर, एक १८६५० लिथियम सेल आणि ५ व्होल्ट करणारा छोटा बूस्ट बोर्ड घ्या. २६०० मिलिअँपिअर-तासांचा सेल सरासरी १०० मिलिअँपिअरच्या भाराला पंधरा-सोळा तास चालतो. सेल संपत आल्याचाही कंपनानं इशारा द्या. लाल दिवा इथे कामाचा नाही.

ज्या गटाला सिग्नल प्रोसेसिंगची खरी आवड आहे त्यांनी नुसतं अंतर न सांगता प्रतिध्वनीच ऐकवण्याचा प्रयत्न जरूर करावा. लेस्ली के या अभियंत्यानं १९६० च्या दशकात हातात धरायची 'सॉनिक टॉर्च' केली आणि पुढे न्यूझीलंडमधून चष्म्यावरचं 'सॉनिकगाइड'. त्यात वारंवारता सतत सरकवत ठेवत आणि परतलेली लहर जाणाऱ्या लहरीत मिसळत. दोन्हींतला फरक ऐकू येणारा स्वर बनतो : वस्तू लांब तर स्वर उंच, जवळ तर खालचा, आणि झुडूप व भिंत यांचा पोत निराळा. शिकायला ते वेळ घेई आणि कान गुंतलेले राहत, हा त्याचा भार. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये 'सॉनिक आय' मांडलं. त्यात डोक्यावरून २५ ते ५० किलोहर्ट्झचा सरकता आवाज सोडतात, वटवाघळासारख्या बनवलेल्या कानपाळ्यांत बसवलेल्या दोन मायक्रोफोननी तो टिपतात आणि अनेक पट हळू करून ऐकवतात. समजा २० पट हळू केलं, तर ५० किलोहर्ट्झचं अडीच होतं, कानाच्या टापूत येतं. पण ५ मीटरवरून २९ मिलिसेकंदांत येणारा प्रतिध्वनीही ५८० मिलिसेकंदांवर जातो. दोन मायक्रोफोनमधला अर्ध्या मिलिसेकंदाचा फरक १० मिलिसेकंद होतो, आणि डोक्याच्या रुंदीमुळे कानाला निसर्गतः जास्तीत जास्त ०.७ च्या आसपासच फरक मिळतो. म्हणून डावं-उजवं नव्यानं शिकावं लागतं. इकडे वळलात तर एक लक्षात घ्या, एचसी-एसआर०४ च्या डब्या ४० किलोहर्ट्झच्या आसपासच कंप पावतात, त्यांतून सरकता आवाज निघत नाही. अनेक वारंवारता काढू शकणारा पिएझो ट्वीटर (छोटा स्पीकर), अल्ट्रासाउंडपर्यंत ऐकणारा मेम्स (चिपवरचा) मायक्रोफोन आणि सेकंदाला १ लाख ९२ हजार नमुने घेणारा बोर्ड लागतो. एका वर्षात रस्त्यावर नेण्याजोगं होणार नाही, प्रयोगशाळेत छान होईल. अहवालात तसंच लिहावं.

चाचणीबद्दल थोडं कडक लिहितो, कारण इथे इजा होते. डोळ्यांना पट्टी बांधलेले वर्गमित्र म्हणजे अंध वापरकर्ते नव्हेत. त्यांना काठी येत नाही, ते घाबरून निम्म्या वेगानं चालतात, आणि त्या वेगाला कोणतंही यंत्र चांगलंच ठरतं. खऱ्या वापरकर्त्यांकडे जुलैतच जा. मुंबईत वरळीला राष्ट्रीय अंध संस्था म्हणजे 'नॅब' आहे, पुण्यात पुणे अंधजन मंडळ आहे, अनेक जिल्ह्यांत अंध शाळा आणि कार्यशाळा आहेत. आधी फोन करा, परीक्षांचे दिवस टाळा, येण्या-जाण्याचा खर्च द्या. पहिल्या भेटीत यंत्र नेऊ नका. गेल्या वर्षभरात डोकं कुठे आपटलं एवढंच विचारा आणि लिहून घ्या. तुमच्या चाचणीत टांगायच्या वस्तू त्या यादीतून निघतील. संमतीचा मजकूर वाचून दाखवा, ऑडिओ किंवा ब्रेलमध्ये द्या, सही किंवा अंगठा त्यानंतर.

मैदानावर २० मीटरचा सरळ पट्टा आखा, डोक्याच्या उंचीवर सहा ठिकाणी हलका थर्माकोल टांगा, जागा दर फेरीला बदला. प्रत्येकानं काठी घेऊनच चालायचं, निम्म्यांनी आधी यंत्राशिवाय आणि मग यंत्रासह, निम्म्यांनी उलट. नाहीतर दुसऱ्या फेरीतला सराव तुम्ही यंत्राच्या खात्यात जमा कराल. तीन आकडे मोजा : डोक्याला किती लागले, किती वेळ लागला, आणि काही नसताना किती वेळा कंप आला. तिसरा आकडा अहवालांत जवळजवळ कधीच नसतो, आणि यंत्र घरी ठेवलं जातं ते त्याच्यामुळे. पावलागणिक दोन्ही बाजूंनी एकेक जण राहू द्या, पण हात धरू नका. रस्त्यावरची चाचणी प्रशिक्षक सोबत असल्याशिवाय घेऊ नका, आणि फलाटावर, जिन्यावर तर घेऊच नका.

मार्गदर्शकांना आणखी तीन गोष्टी मागतो. मूल्यमापनात हाताच्या तळव्यासमोर वाजणाऱ्या बझरला गुण देणं थांबवा. वर लिहिलेल्या तीन आकड्यांचा तक्ता मागा, आकडे वाईट आले तरी प्रामाणिक असतील तर पूर्ण गुण द्या. 'मदतनिसाची गरज उरणार नाही' अशा अर्थाचा दावा गाळायला लावा. आणि कुणी वापरकर्ता यंत्र ठेवून घ्यायला तयार झाला, तर त्याच्याकडे एक जादा सेन्सर, एक जादा मोटार, सर्किटचा बोलून सांगितलेला ऑडिओ आणि जवळच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानदाराला दाखवता येईल असा छापील आराखडा ठेवा. जोडण्या सोल्डर करा, ब्रेडबोर्डवर देऊ नका. पट्टा धुता येईल असा सुटा ठेवा, घामानं तोच आधी खराब होतो. तुमचा गट पदवी घेऊन बाहेर पडेल तेव्हा कोड आणि मोजमापं पुढच्या वर्षीच्या गटाच्या हाती जातील एवढं बघा, म्हणजे त्यांना पुन्हा शून्य आणि १०० च्या त्या ओळीपासून सुरुवात करावी लागणार नाही.

कळावे,
आपले,
काही मोबिलिटी प्रशिक्षक आणि इलेक्ट्रॉनिक्सचं काम करणारे त्यांचे सहकारी